शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत



मागच्या कापूस वेचणीत आपल्या प्रभागातल्या एका गावात पहिलीतल्या एका मुलीचा हात भाजला. शाळा पाचला सुटली, घरी कुणी नव्हतं. आई दमून येईल, तिला चहा करून ठेवावा म्हणून पोरीनं चूल पेटवली. आई साडेसहाला रानातून आली तेव्हा शेजारच्या आजी तिचा हात पाण्यात धरून बसल्या होत्या. हात आता बरा आहे. पण ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत एका ताईंनी मला सरळ विचारलं, "मॅडम, पाच ते सात आमची लेकरं कुणाची?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून या अंकाचा पाठ त्या दोन तासांवर. कॉलेजात समाजकार्य शिकताना आम्हाला अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराचा एक कार्यक्रम अभ्यासाला होता. तेव्हा परीक्षेपुरता वाचला, आता परत नीट वाचला. तुम्ही म्हणाल, अमेरिका कुठं आणि आपण कुठं. खरं आहे. पण तिथल्या शहराला जी गाठ सोडवावी लागली, ती आपल्या गावातल्यासारखीच आहे.

तिथं शाळा दुपारी अडीच-तीनला सुटतात आणि आईबाप संध्याकाळी कामावरून येतात. 1980 नंतर त्या शहरात टोळ्यांची भांडणं, गोळीबार, नशा फार वाढली होती. अशा वस्तीत लहान मूल तीन तास रस्त्यावर किंवा कुलूप लावलेल्या घरात. टॉम ब्रॅडली हे तेव्हा महापौर होते. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, त्याआधी पोलिस खात्यात नोकरी केलेले. 1988 मध्ये त्यांनी शाळा सुटल्यानंतरचा मोफत कार्यक्रम सुरू केला. नाव 'एलएज बेस्ट'. सुरुवात फक्त 10 प्राथमिक शाळांत. आज तो 200 च्या आसपास शाळांत चालतो.

आता गाठ कुठली ते बघा. महापौरांच्या हातात शाळा नव्हत्या. तिथं शाळांचा कारभार शहराकडे नसतो, वेगळ्या शाळा मंडळाकडे असतो. त्या मंडळाची निवडणूक वेगळी, तिजोरी वेगळी. आपल्याकडेही शाळा गावात असते, पण शिक्षक जिल्हा परिषदेचे, आणि ग्रामपंचायतीचा कारभार निराळा. मुलाचं काही झालं की हे त्यांच्याकडे बोट दाखवतात, ते ह्यांच्याकडे.

लॉस एंजेलिसमध्ये कामाची वाटणी झाली. वर्गखोल्या, मैदान, संडास शाळेचे, म्हणजे नवी इमारत बांधायची गरज नाही. महापौर कार्यालयानं पाठबळ दिलं, पैसा उभा करायला मदत केली. रोजचा कारभार बघायला नफा न घेणारी वेगळी संस्था. मुलांना सांभाळणारी माणसं बरीचशी त्याच वस्तीतली तरुण पोरं-पोरी. त्यातली काही तर लहानपणी त्याच कार्यक्रमात वाढलेली. शाळा सुटली की हजेरी, मग खाऊ, मग गृहपाठ, आणि नंतर खेळ, नाच, चित्रं. संध्याकाळी सहापर्यंत. घरचं मोठं माणूस येऊन सही करतं, मग मूल जातं. ही सहीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्या क्षणापर्यंत मूल कुणाच्या जबाबदारीत आहे हे कागदावर असतं.

शेजारच्या सॅन डिएगो शहरानंही तिथल्या शाळा मंडळाबरोबर असं काम उभं केलं. त्याचं नावच '6 ते 6', सकाळी सहा ते संध्याकाळी सहा.

2002 च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया राज्यात यावर लोकांचं मतदान झालं. पुढाकार अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचा, सिनेमातले ते. ते नंतर राज्याचे गव्हर्नर झाले. ठराव पास झाला आणि 2006-07 पासून राज्य सरकार दरवर्षी 55 कोटी डॉलर या कामाला देऊ लागलं. नियमही ठरले: शाळेच्या प्रत्येक दिवशी किमान सहापर्यंत वर्ग चालला पाहिजे, 20 मुलांमागे एक माणूस पाहिजे, अभ्यासही पाहिजे आणि खेळ-कलाही. सरकारच्या तीन डॉलरमागे स्थानिक लोकांनी निदान एक डॉलर घालायचा, रोख किंवा वस्तू-सेवेच्या रूपात. त्यात एक मेख आहे. जागेची किंमत त्या स्थानिक वाट्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणजे 'आम्ही खोली उघडून दिली, आमचं झालं' असं म्हणून सुटता येत नाही.

सगळं गोडगोड नाही. सरकार दर मुलामागे दिवसाला साडेसात डॉलर द्यायचं आणि तो दर 2006 पासून 2017 पर्यंत हललाच नाही. याच काळात तिथली किमान मजुरी ताशी साडेसातवरून साडेदहा डॉलरवर गेली. माणसं ठेवायची कशी? मानधन वर्षानुवर्षं तेच राहिलं की काय होतं, हे आपल्या सीआरपी तायांना मी काय सांगणार! शिवाय पैसे मुलांच्या हजेरीवर मिळतात, त्यामुळे हजेरी घसरली की पुढचा निधी कापला जातो.

फायदा झाला का? तिथल्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये अहवाल दिला. जी मुलं नियमित येत होती ती पुढे गुन्ह्यांकडे कमी वळली. नुसतं नाव घालून अधूनमधून येणाऱ्या मुलांत तो फरक दिसला नाही.

आता माझी कबुली. दोन वर्षांपूर्वी मी एका गावात गटाच्या मदतीनं समाजमंदिरात संध्याकाळचा वर्ग सुरू केला होता. बारावी झालेली एक मुलगी शिकवायची, गटातल्या तायांनी महिन्याला 20-20 रुपये काढायचे ठरवले. पहिला महिना पोरांनी नुसता कल्ला केला, छान चाललं होतं. मग किल्ली ज्यांच्याकडे ते बाहेरगावी गेले. मग लाइट बिल कुणी भरायचं यावर वाद झाला. मग वेचणी संपली, 20 रुपये येईनात, त्या मुलीला दोन महिने पैसे मिळाले नाहीत. चौथ्या महिन्यात कुलूप. मी गावाला दोष देत बसले होते. पण किल्ली, बिल, मानधन, जबाबदारी, यातलं एकही मी कागदावर आणलं नव्हतं.

आपल्या हातात काय आहे ते बघू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला लागतात. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी ताया आत्ताच त्या समितीत आहेत, फक्त सहीपुरत्या बोलावल्या जातात. शाळेचा विकास आराखडा करणं हे त्याच समितीचं काम. दुसरीकडे ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो शिलाई मशीन किंवा सतरंज्यांवर संपतो. सतरंज्या नकोत असं नाही, पण किती गोळा करायच्या?

पुढच्या मासिक बैठकीत वसुली झाली की अर्धा तास यासाठी ठेवा. पहिली ते पाचवीतली किती मुलं शाळा सुटल्यावर एकटी असतात ते घर सांगून मोजा. कुठल्या महिन्यात जास्त, तेही लिहा. वेचणीचे महिने तर आहेतच, पण मार्चपासून सकाळची शाळा लागली की दुपारपासूनच घर रिकामं असतं, ते विसरू नका. त्याखाली चार ओळी: खोली कुणाची, किल्ली कुणाकडे आणि ते नसतील तेव्हा कुणाकडे, सांभाळणाऱ्या मुलीला किती आणि कोण देणार, मूल नेताना सही कोण करणार. जिथं उत्तर नसेल ती ओळ रिकामी सोडा, उगीच भरू नका.

हा कागद आधी शाळा व्यवस्थापन समितीत न्यायचा, मग ग्रामसभेत. ज्या गावाचा कागद तयार होईल त्यांनी मला कळवा. मुख्याध्यापक आणि ग्रामसेवकांना एकाच दिवशी, एकाच खोलीत बसवायचं काम माझं.