निःशस्त्र सैनिक

युद्धात धर्मगुरूचे काम कोणते? मरणाऱ्यासाठी प्रार्थना म्हणणे, एवढेच मी समजत होतो. ‘डॉर्चेस्टर’ या अमेरिकी जहाजाची हकीकत अभ्यासली आणि तो समज गळून पडला.

३ फेब्रुवारी १९४३ च्या पहाटे ग्रीनलंडजवळ जर्मन पाणबुडीने हे जहाज बुडविले. सुमारे ९०० जणांपैकी २३० वाचले. जहाजावर लष्कराचे चार धर्मगुरू होते. फॉक्स, पोलिंग व वॉशिंग्टन हे ख्रिस्ती. गूड हे यहुदी. त्यांनी घाबरलेल्या सैनिकांना धीर दिला आणि जीवरक्षक जाकिटे संपताच स्वतःची काढून दिली. घेणाऱ्याचा धर्म विचारला नाही. चौघेही बुडाले.

१९२९ च्या जिनिव्हा कराराने धर्मगुरूंना संरक्षण दिले होते. या चौघांनी आपल्याजवळचे अखेरचे संरक्षणही दुसऱ्यांना दिले. धर्मगुरूचे काम मला तेथे उमगले.