बंपरच्या ओरखड्याला घाबरतेस काय गं!

अगं, आधी रडणं थांबव आणि घोटभर पाणी पी. पार्किंगच्या भिंतीला बंपर घासला, एवढंच ना? बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला गंज चढत नाही. तेव्हा आजच्या आज गॅरेज गाठायची काही गरज नाही.

आधी साबणाच्या पाण्याने धुऊन घे. बघ, अर्धे पांढरे फराटे भिंतीच्या चुन्याचेच निघतील. उरलेल्यावर हलकेच नख फिरव. अडकलं नाही, तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे. मऊ फडक्यावर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड घेऊन घास, बहुतेक जाईल. नख अडकलं तर टच-अपचा रंग लागेल, आणि काळं प्लास्टिकच उघडं पडलं असेल तर त्याआधी प्रायमर. दुकानात ठणकावून सांग, प्लास्टिकवरचा प्रायमर हवाय. नुसत्या प्लास्टिकला रंग नीट धरत नाही, महिन्याभरात पोपडे निघतात. आणि ‘पांढरी गाडी’ म्हणून रंग मागू नकोस, पांढऱ्याच्याही दहा छटा असतात! रंगाचा कोड बघून जा. बऱ्याच गाड्यांत तो दाराच्या चौकटीवर नाहीतर बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो.

खरं सांगू का, माझ्या पहिल्या ओरखड्यावर मी नेलपॉलिश रिमूव्हर चोळला होता. खांबाचा पिवळा ऑइलपेंट लागला होता ना! तो गेला, आणि त्याच्यासोबत रुपयाएवढा गाडीचा रंगही गेला. मग घाबरून भर मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, टच-अपचा जाडजूड थर फासला. असे फोड आले म्हणतेस! आमचे हे अजून त्याला ‘तुझा पापड’ म्हणतात. तू सावलीत बस, पातळ हात दे, वाळू दे, मग दुसरा. जवळून थोडं दिसेलच गं, चार पावलांवरून कोण बघतंय?

आणि एवढ्याशासाठी विम्याचा क्लेम करू नकोस. क्लेम न केल्याच्या पहिल्या वर्षी नो क्लेम बोनस २० टक्के मिळतो, सलग पाच वर्षांनी ५० टक्के. एका क्लेमपायी तो सगळा जातो. आधी हिशेब मांड.

बंपर चिरला असेल किंवा कडेने सुटून लोंबत असेल, तर मात्र गॅरेजलाच ने.