तुणीची लागवड : कोठें करावी व कोठें करूं नये

उसाच्या जोडीस इमारती लांकडाचेंही उत्पन्न असावें, असें ज्या बागाइतदारांस वाटतें, त्यांच्याकरितां तूण ह्या झाडाची माहिती देत आहों. सह्याद्रीकडे ह्यास कुरक असेंही म्हणतात. इंग्रजींत ह्यास 'रेड सीडर' म्हणत असल्यामुळें तें देवदाराच्या जातीचें असावें असा समज होतो. परंतु तो बरोबर नाहीं. हें झाड कडुनिंबाच्या कुळांतील होय.

उपयोग.— लांकूड तांबूस, हलकें, सुवासिक व कामास सोपें असतें. त्याचीं कपाटें व पेट्या होतात. मिरजेच्या ज्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्या वाद्यांसही हें लांकूड लागतें.

जमीन.— तूण मूळचें भरपूर पावसाच्या, ओलसर दऱ्यांतील झाड आहे. बारामती व इंदापूरकडे पाऊस सरासरी २० इंचांच्या आसपास. म्हणून पाण्याची सोय असल्यावांचून ह्याच्या नादीं लागूं नये. परंतु साचलेलें पाणीही ह्यास मानवत नाहीं. नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, आणि १९१० सालीं डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हाणे ह्यांस नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पत्रिका लिहावी लागली. जें रान चिबड झालें आहे, अथवा जेथें मीठ फुटतें, तेथें उसाचें साधत नाहीं म्हणून तूण लावणें म्हणजे रोपें फुकट घालविणें होय. निचऱ्याची, खोल, गाळाची जमीन निवडावी.

बी व रोपें.— फळें उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. तीं फुटण्यापूर्वीं तोडून सावलींत वाळवावीं. बी बारीक व पंखाचें असतें आणि त्याची उगवण फार दिवस टिकत नाहीं. सबब तें लगेच पेरावें. वर मातीचा पातळ थर द्यावा, झारीनें पाणी घालावें व वाफ्यावर मांडव करावा. वर्षाचीं रोपें पुढील पावसाळ्याच्या आरंभीं लावावीं.

लागवड.— दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे उन्हाळ्यांत तापवून शेणखत व मातीनें भरावे. दोन झाडांत १५ फूट अंतर ठेवावें. पाला गुरें आवडीनें खातात, म्हणून कुंपण अवश्य करावें. पहिलीं तीन वर्षें उन्हाळ्यांत पाणी चुकवूं नये.

कीड.— ह्या झाडाचा मोठा शत्रू म्हणजे शेंडा पोखरणारी अळी. शेंडा मेला म्हणजे बगलेस अनेक फांद्या फुटतात, खोड वांकडें होतें व लांकडाची किंमत जाते. ऑस्ट्रेलियांत तुणीच्याच सलग लागवडी ह्या किडीमुळें फसल्या. म्हणून सलग एकरभर तूण लावूं नये. इतर झाडांत मिसळून, थोड्या सावलींत लावावी. पोखरलेला शेंडा कापून जाळावा व एकच सरळ फूट राखावी.

सारांश, हें झाड थोड्या वर्षांत पैसा देणारें नव्हे. जाड खोडास एक पिढी लागते. कर्ज काढून अथवा चालतें रान मोडून तें लावूं नये. पाटाकडेच्या निचऱ्याच्या बांधावर प्रथम दहा-वीस झाडें लावावीं, त्यांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यावी, आणि शेंडे सरळ राहतात असें तीन-चार वर्षें पाहिल्यावरच लागवड वाढवावी, असें आमचें मत आहे.