शेतातील जीवसृष्टीचा अभ्यास : उंदीर व गव्हाणी घुबड

शेत म्हणजे केवळ पिकाची जागा नव्हे. बांधावरचे गवत, बाभळी, पडकी विहीर, ओढ्याकाठची झुडपे यांच्या आश्रयाने अनेक प्राणी राहतात व त्यांच्या परस्परसंबंधांचा परिणाम पिकावर होत असतो. हे संबंध न ओळखता उपाय योजल्यास खर्च होऊनही लाभ होत नाही; प्रसंगी आपलाच साहाय्यक मारला जातो. प्रस्तुत पाठात उंदीर व गव्हाणी घुबड यांचे उदाहरण घेतले आहे.

उंदराची राहणी

शेतातील काळा उंदीर बांधात बिळे करतो व तोंडाशी ताज्या मातीचे ढीग टाकतो. पीक पक्व होऊ लागताच तो ताटे कुरतडतो आणि कणसे, ओंब्या बिळात साठवितो. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते व एका वेळी अनेक पिले देते. म्हणून अन्न विपुल असता त्याची संख्या झपाट्याने वाढते.

रात्रीचा शिकारी

पांढरट, बदामाच्या आकाराचा चेहरा असलेले गव्हाणी घुबड पडके वाडे, विहिरींतील कोनाडे व झाडांच्या ढोली यांत राहते. पंखांची पिसे मऊ असल्याने त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही, व केवळ कानांच्या साहाय्याने ते अंधारात भक्ष्य हेरते. उंदीर हे त्याचे मुख्य अन्न होय. पिले असताना नरमादीला रात्रभर शिकार करावी लागते. घुबड अशुभ मानून त्याला हुसकावणे अथवा मारणे हे शेतकऱ्याच्याच हिताविरुद्ध आहे. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानुसार तो अपराधही ठरतो. इस्राएलमध्ये १९८३ पासून शेतांत घरटीपेट्या बसवून या पक्ष्यास मुद्दाम आश्रय देण्यात आला आहे.

अभ्यासाची रीत

(१) सायंकाळी शेतातील सर्व बिळे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उकरलेली बिळे मोजून नोंदवावीत. तीच वस्तीची बिळे होत. बिळात हात घालू नये. तेथे विषारी साप असू शकतो.

(२) घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली करड्या, केसाळ गोळ्या पडलेल्या असतात. ही विष्ठा नव्हे. न पचलेले केस व हाडे घुबड तोंडावाटे बाहेर टाकते. नाकास फडके बांधून व हातमोजे घालून अशा गोळ्या वेचाव्यात आणि कोमट पाण्यात भिजवून सोडवाव्यात. आतील कवट्या मोजाव्यात. कोणते व किती प्राणी खाल्ले गेले, याचा तो लेखी पुरावाच समजावा. नंतर हात साबणाने धुवावेत.

(३) दर पंधरवड्यास ही नोंद एकाच वहीत, पिकाच्या अवस्थेसह करावी.

विषाविषयी सावधगिरी

ब्रोमाडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस मंदगतीने हिंडतो व घुबडाच्या सहज हाती लागतो. त्यामुळे विष घुबडाच्या अंगी जाते. घुबडे कमी झाली, की उरलेल्या उंदरांना मोकळे रान मिळते. यास्तव आधी बिळे मोजावीत, सापळे लावावेत, बांधालगतचे सांडलेले धान्य उचलावे. विषाचा उपयोग निकडीच्या वेळीच व शिफारशीनुसार करून मेलेले उंदीर खोल पुरावेत. एकटे घुबड उंदरांचा निःपात करील, अशी अपेक्षा मात्र धरू नये. धामणही याच कामी उपयोगी पडते व ती बिनविषारी आहे.

ढोलीचे जुने झाड तोडण्यापूर्वी व बांध पेटविण्यापूर्वी तेथे कोण राहते, हे पाहावे. एका हंगामाची नोंदवही शेतकऱ्यास पुढील हंगामाचा उपाय सुचवू शकते.

प्रश्न : (१) वस्तीची बिळे कशी ओळखाल? (२) घुबडाच्या गोळीवरून काय कळते? (३) आपल्या गावातील घुबडांच्या आश्रयस्थानांचा नकाशा काढा.