पोट लग्नावर, नाव वाघावर

दिवाळी आटोपली की चंद्रपुरातल्या माझ्या स्टुडिओत एखादं तरी पोरगं येतं आणि विचारतं, "दादा, दीडशे-सहाशे घेऊ का?" म्हणजे १५०-६०० मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स. हप्ते ठरलेले असतात, ताडोब्याच्या मोहर्ली गेटचं बुकिंग झालेलं असतं, माझ्याकडून फक्त 'घे' ऐकायचं असतं. मी सांगतो, आधी दुसरा कॅमेरा घे, दोन कार्डं बसणारा. त्याचं तोंड उतरतं. दुसरा कॅमेरा काही स्टेटसला टाकून मिरवता येत नाही.

आमच्या भागात फोटोग्राफरचं पोट लग्नावर चालतं आणि नाव वाघावर होतं. त्यात वाईट काही नाही. पंचाईत होते ती दोन्हींचा हंगाम एकच असल्यामुळे. एप्रिल-मेमध्ये जंगलातलं पाणी आटतं, वाघ उरलेल्या पाणवठ्यावर येऊन बसतो आणि फोटो मिळतात. नेमकी तेव्हाच लग्नसराई. हिवाळ्यातही तेच. धान कापून झालं की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या धानाच्या पट्ट्यात, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती भरतात, पटाच्या रात्री नाटकं लागतात आणि तुळशीचं लग्न उरकल्यापासून माणसांचीही सुरू झालेली असतात. सगळी कामं एकाच महिन्यात अंगावर घेणारा आधी झोप सोडतो. या धंद्यातले मी पाहिलेले बहुतेक घोटाळे झोप न झालेल्या माणसाच्या हातून झालेत.

मेमधलं लग्न कसं काढायचं हे पुण्या-मुंबईच्या कार्यशाळेत कोणी शिकवत नाही. पारा ४६-४७ वर असतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरण्याची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते; म्हणजे नवरदेव घोड्यावर चढायच्या आधीच आपण कंपनीच्या हिशेबाबाहेर गेलेलो असतो. व्हिडिओ चालू ठेवला की कॅमेरा तापून आपोआप बंद पडतो. म्हणून दुसरा कॅमेरा हवा, आणि तो सावलीत हवा, काळ्या बॅगेत उन्हात नको. बॅटऱ्या मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका.

कॅमेरा निवला की परत सुरू होतो, माणसाचं तसं नाही. मूल गावाकडच्या एका लग्नात भर दुपारी वरात निघाली होती आणि माझा मदतनीस पोरगा व्हिडिओ काढत बँडच्या पुढे उलटा चालत होता. थोड्या वेळाने त्याने मला विचारलं, "दादा, आपण कोणत्या गावात आलो?" वऱ्हाडातली पोरं हसली, म्हणाली, "पेला असन." मी हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. घाम थांबला, अंग तापलं आणि बोलणं भरकटलं की तो उष्माघात समजायचा, थकवा नव्हे. त्याला शाळेच्या व्हरांड्यात आडवं केलं, शर्ट काढला, मान, काखा आणि जांघा ओल्या कापडाने पुसत राहिलो, वारा घातला आणि गाडी मिळताच ग्रामीण रुग्णालय गाठलं. एक काकू तांब्याभर पाणी त्याच्या तोंडात ओतायला आल्या होत्या, त्यांना थांबवलं. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं. पोरगा वाचला. वराकडच्यांनी नंतर वरातीतला नाच व्हिडिओत नाही म्हणून पैसे कापले. तेव्हापासून माझ्या कराराच्या कागदावर एक ओळ असते: मार्च ते जून, दुपारी बारा ते चार उघड्यावर शूटिंग होणार नाही. त्या ओळीमुळे काही कामं दुसरीकडे जातात. जाऊ द्यावीत.

त्याच उन्हापायी गावोगावी मंडपावर हिरवी जाळी ताणतात. खाली सावली छान पडते, पण हळद लागलेली नवरी फोटोत आजारी दिसते, कारण सगळा उजेड हिरवा. नवखा फोटोग्राफर यावर फ्लॅश मारतो. चेहरा पांढरा होतो आणि हनुवटीखालची सावली हिरवीच राहते, ती मग कोणत्याही सॉफ्टवेअरला नीट निघत नाही. फ्लॅशवरच फिकट हिरवी जिलेटिन पट्टी लावा, म्हणजे सगळा उजेड एका रंगाचा होईल, आणि मग करड्या कार्डावर व्हाइट बॅलन्स बसवा. नाही तर नवरीला दहा मिनिटं घराच्या ओसरीत बसवा. ओसरीतला उजेड फुकट असतो आणि चांगलाही. मात्र ती दहा मिनिटं आदल्या दिवशीच आत्याबाईंकडून मागून घ्या, त्या दिवशी कोणी देत नाही.

कार्डांबद्दल थोडक्यात. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहिले जातील अशी सोय लावा. रात्री कितीही वाजता घरी आलात तरी कॉपी करूनच झोपा, एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा आणि अल्बम पोचेपर्यंत कार्ड पुसू नका. पाहुणा परत बोलावता येतो, अंतरपाट परत धरता येत नाही.

अशाच एका ओसरीतला नवरीचा फोटो मला फार आवडला होता. घरच्यांना विचारून नमुन्याच्या अल्बममध्ये ठेवला. तिथून तो एका दागिन्यांच्या दुकानदाराने मोबाइलने टिपला आणि जाहिरातीच्या फलकावर चढवला, चांगला चौकात. मुलीचे वडील माझ्या दारात. त्यांना वाटलं मी विकला. मी दुकानदाराकडे गेलो तर तो मलाच म्हणाला, "फोटो तुमचा, तुमची हरकत नसेल तर त्यांची काय?" वकिलाने पुस्तक उघडून दाखवलं तेव्हा तो आणि मी दोघेही गप्प झालो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. लग्नाचे, साखरपुड्याचे, स्टुडिओत बसवून काढलेले पोर्ट्रेट, सगळे त्यात आले. फलक उतरला, पण त्या घराशी पहिल्यासारखं बोलणं राहिलं नाही.

तेव्हा कागद करा. आपल्याकडे 'शब्द दिला' म्हणजे झालं असं मानतात, आणि शब्द पाळणारी माणसं खरोखर आहेतही. पण फोटो कुठे वापरायचा हे तोंडी ठरवलेलं कोणाला आठवत नाही. एका पानावर साध्या मराठीत लिहा: कोणते फोटो मी नमुना म्हणून दाखवू शकतो, इंटरनेटवर टाकू शकतो का, तिसऱ्याला देऊ शकतो का. मी सही नवरीची घेतो, नुसती वडिलांची नाही. काही घरांत याचं नवल वाटतं.

आता वाघ. ताडोब्यात तोच वाघ तुमच्यासोबत आलेल्या प्रत्येक जिप्सीला दिसतो, त्यामुळे त्याचा फोटो विकत घेणारा शोधणं वाघ शोधण्यापेक्षा अवघड. सफारी, गाईड, जिप्सी, लेन्सचा हप्ता यांचा हिशेब लग्नाच्या कमाईच्या वहीत मिसळू नका. वेगळी वही ठेवा आणि ती तोट्यातच राहील हे धरून चाला. गाभा क्षेत्र मंगळवारी आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. वाघापासून किमान २० मीटर अंतर ठेवावं असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिची बछडी जिप्सींच्या गराड्यात अडकली होती, त्याची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालकाला "भाऊ, अजून थोडं पुढं" म्हणणारा मागे बसलेला असतो आणि त्याच्या हातात बहुधा कॅमेरा असतो. ते वाक्य म्हणायचं नाही, आणि शेजारचा म्हणाला तर त्याला गप्प करायचं. चालकाचं लायसन्स जातं, आपलं काय जातं?

वाघापेक्षा मला शंकरपट जास्त आवडतो. खाचखळग्यांच्या मोटारशर्यतींचे फोटो काढायला लोक लांबलांब जातात. आमच्याकडे धानाच्या मोकळ्या बांधीत तीच धूळ आणि तीच गती मिळते, आणि यंत्राच्या जागी दोन जीव असतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे सगळं थांबलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत पट न पाहिलेली फोटोग्राफरांची एक पिढी तयार झाली आणि ती आता अगदी चुकीच्या जागी उभी राहते. समोरून येणारी जोडी छान दिसते म्हणून पोरं शेवटच्या रेषेपलीकडे बसतात. रेषा माणसांसाठी आहे, बैलांना ती कळत नाही. जोडी वेग धरूनच गर्दीत शिरते आणि जोडी हाकणारा धुरकरी तेव्हा दोर ओढण्यापलीकडे काही करू शकत नाही. बाजूला, बांधाच्या वर, पळायला मागे जागा ठेवून उभे राहा. लांब लेन्स इथे खरी कामाला येते. गोठवायचं तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद शटर ठेवा; मला साठाव्या भागावर कॅमेरा जोडीबरोबर फिरवून काढलेला फोटो जास्त खरा वाटतो, धुरकऱ्याचा चेहरा स्पष्ट आणि बाकी सगळं वाहून गेलेलं. तसे दहा काढले तर नऊ वाया जातात. फ्लॅश अजिबात नाही, बैल बुजतात. आणि धुळीत लेन्स बदलू नका, एका कॅमेऱ्यावर एकच लेन्स चढवून जा.

पटाची एक अडचण आधीच सांगतो. चाबूक आणि टोकदार तुतारी, म्हणजे पराणी, वापरायला मनाई आहे, तरी कधी एखाद्या फोटोत ती सापडते. मग आयोजक येऊन "तेवढा उडवून टाका" म्हणतात. काम घेतानाच सांगून ठेवा की मी जे दिसेल ते काढतो. हे ऐकून ज्याने बोलावलं नाही त्याचा पट आपल्याला नको. रात्री नाटकाला मात्र जरूर थांबा. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र, याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शामियान्यातला उजेड, पहाटेपर्यंत जागी बसलेली बायामाणसं, पडद्याआड मिशी चिकटवणारा नट, यांचे फोटो अजून पुरेसे कोणी काढलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी लग्न असेल तर थांबू नका.

आलापल्लीच्या पुढे गेलात की रीत बदलते. हेमलकसा, भामरागडच्या बाजूला जाणारा जवळपास प्रत्येक फोटोग्राफर माडिया म्हाताऱ्यांच्या गोंदणावर लेन्स लावतो. मीही गोंदणासाठीच गेलो होतो. एका आजीने दुभाष्या पोराकडून निरोप दिला की असा नको, थांब. ती आत गेली, चांगलं लुगडं नेसून आली, नातवाचं घड्याळ मनगटावर बांधलं आणि भिंतीपाशी ताठ उभी राहिली, पायापासून डोक्यापर्यंत सगळं यावं म्हणून. गोंदण लुगड्याखाली झाकलं गेलं. मी तो फोटो काढला. आजही मी आधी समोरच्याला हवा तो फोटो काढतो, मग परवानगी मिळाली तर माझा. छापील प्रत पोचवतो. तिकडे जाणाऱ्या शिक्षकाबरोबर, एसटीच्या वाहकाबरोबर, जमेल तशी. "मागचा फोटोवाला परत आलाच नाही" हे तिथे इतक्यांदा ऐकलंय की पुढच्याला दार उघडेल की नाही हे आपण पोचवलेल्या फोटोच्या पाकिटावर ठरतं.

कुठे चाललो हे पोलीस मदत केंद्रात सांगून जा, आणि त्या केंद्राकडे कॅमेरा वळवू नका. ड्रोन घरी ठेवा. प्री-वेडिंगवाले घोडाझरीच्या तलावावर किंवा जुन्या किल्ल्यावर ड्रोन उडवतात, त्यांना वन विभागाच्या परवानगीची आठवण मी देतोच. पण त्याहून आधी मान वर करून आग्यामोहोळ बघायला सांगतो. मोहोळ उठलं तर नवरीच्या घेरदार गाऊनमध्ये पळता येत नाही.

पावसाळ्यात भामरागडला अडकण्याची तयारी ठेवूनच जा. पर्लकोटा नदीच्या जुन्या ठेंगण्या पुलावर पाणी चढलं की गाव तुटतं, वीज जाते, फोन जातो. मी असा अडकलो तेव्हा चंद्रपुरात माझा एक साखरपुडा लागलेला होता. तो निभावला, कारण चंद्रपुरातल्याच एका फोटोग्राफरशी माझं ठरलेलं आहे: मी पोचलो नाही तर तो उभा राहील, त्याच्या अडचणीला मी. त्या दिवसाची मजुरी पूर्ण ज्याने काम केलं त्याची, त्यात दलाली नाही. त्याला आधीच यजमानांची ओळख, ठिकाण, ठरलेले पैसे एका कागदावर दिलेले असतात. स्पर्धकाशी असं ठरवायला पोरं लाजतात, गिऱ्हाईक पळवेल म्हणून. पळवतो कधी कधी.

पाऊस संपेपर्यंत लेन्सा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेल गुलाबी झालं की तव्यावर भाजून परत वापरा. कातडी केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला आमच्या दमट हवेत बुरशी लागतेच.

पैशाचं राहिलं. बुकिंगला एक भाग, लग्नाच्या सकाळी दुसरा, अल्बम हातात द्यायच्या आधी उरलेला. नवरीचा मामा मध्ये पडून "अरे, आपलाच माणूस आहे" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि अल्बम कपाटातच राहू द्या.