रात्रीचा पंप : शरीरात साठलेले लोह काढणारे औषध घरी कसे द्यावे?

मागच्या महिन्यात विहारातल्या आरोग्य बैठकीनंतर एक आई मागे थांबली. नऊ वर्षांची मुलगी, थॅलेसेमिया मेजर, दर तीन आठवड्यांनी रक्त. म्हणाली, "सिस्टर, गोळी पोरीला चालत नाही म्हणून डॉक्टरनं पंप लिहून दिला. मशीन घरी आणलं, पण हात लावायची हिंमत होत नाही जी." अकरा दिवस ते मशीन कपाटावर खोक्यातच पडून होते.

मला तिचा राग आला नाही, कारण ही चूक पूर्वी मी स्वतः केली आहे. एका मोठ्या रुग्णालयात बालरोग वॉर्डात असताना मी अशाच एका आईला पाच मिनिटांत पंप समजावला, इंग्रजी पुस्तिका हातात दिली आणि "समजलं ना?" असे विचारले. ती "हो" म्हणाली. सुट्टीच्या दिवशी गर्दीच्या वॉर्डात सिस्टरला "नाही" कोण म्हणणार? तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा मुलाच्या पोटावर गाठी होत्या. दुकानात ठरलेली सिरिंज मिळाली नाही म्हणून तिने मोठी सिरिंज लावली होती आणि दहा तासांचे औषध सहा तासांच्या आत संपत होते. तिची चूक नव्हती, मी तिला नीट शिकवले नव्हते. म्हणून आजचा हा धडा सावकाश वाचा, शक्य असेल तर मशीन समोर ठेवून वाचा.

लोह काढायचे कशाला?

थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला जगण्यासाठी सतत रक्त द्यावे लागते. सिकलसेलच्या काही रुग्णांना, तसेच सिकल आणि थॅलेसेमिया दोन्ही असलेल्यांनाही वारंवार रक्त लागते. रक्ताच्या एका पिशवीतून शरीरात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते. शरीर मात्र रोज फक्त एक-दोन मिलिग्रॅम लोह बाहेर टाकू शकते. उरलेले लोह हृदयात, यकृतात, स्वादुपिंडात आणि वाढीच्या ग्रंथींत साठत जाते. मूल वरून चांगले दिसते, पण उंची खुंटते, वयात येणे लांबते, मधुमेह होतो आणि शेवटी हृदय थकते. रक्त मिळूनही मुले दगावतात ती बहुतेक या साठलेल्या लोहामुळे.

लोह काढायच्या गोळ्या आता मिळतात आणि बहुतेक मुलांना त्याच दिल्या जातात. पण गोळी सोसत नसेल, मूत्रपिंड किंवा यकृताचा त्रास असेल, हृदयात लोह फार साठले असेल, तर डेसफेरिऑक्सामिन हे जुने इंजेक्शन लागते. कधी गोळी आणि इंजेक्शन दोन्ही देतात. कोणाला काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. शेजारच्या मुलाचे पाहून आपले औषध बदलू नका.

एकदम टोचून का चालत नाही?

हे औषध रक्तात फार वेळ टिकत नाही, थोड्याच वेळात निघून जाते. आपल्याकडच्या संत्र्याच्या बागेचे उदाहरण घ्या. झाडाला एक बादली पाणी एकदम ओतले तर अर्धे वाहून जाते. तेच ठिबकने दिले तर मुळाला लागते. औषधाचेही तसेच. ते कातडीखाली थेंबथेंब, ८ ते १२ तास, आठवड्यातून ५ ते ७ रात्री द्यायचे असते. १९७० च्या दशकात डॉक्टरांनी हे काम छोट्या पंपावर सोपवले. पंपात औषधाची सिरिंज बसते, बॅटरीवरची मोटर सिरिंजचा दांडा हळूहळू ढकलते आणि मूल झोपलेले असताना काम होते.

मिलिलिटर की मिलिमीटर?

पंप हातात आला की सगळ्यात आधी हे विचारा : याचा वेग मिलिलिटरमध्ये लावायचा की मिलिमीटरमध्ये?

मिलिलिटरच्या पंपात हिशोब सरळ आहे. औषध १० मिलिलिटर, वेळ १० तास, म्हणजे वेग तासाला १ मिलिलिटर. मात्र पंपाला कोणत्या कंपनीची आणि किती मापाची सिरिंज लावली आहे ते बरोबर सांगावे लागते.

काही जुने पंप मिलिमीटरवर चालतात. त्यांना औषध किती आहे ते कळत नाही, ते फक्त दांडा किती सरकवायचा एवढेच जाणतात. समजा १० च्या सिरिंजमध्ये औषधाची लांबी पट्टीने मोजली तर ६० मिलिमीटर भरली. १० तास द्यायचे, म्हणून ६० भागिले १०, म्हणजे तासाला ६ मिलिमीटर. आता तेवढेच औषध २० च्या जाड सिरिंजमध्ये भरले तर लांबी ३५ च्या आसपास येते. वेग ६ च ठेवला तर औषध सहा तासांच्या आत संपणार. माझ्या त्या मुलाचे हेच झाले होते.

दुसरा धोका असा की काही जुन्या पंपांवर तासाचा वेग असतो आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या पंपांवर २४ तासांचा. दिवसाचा आकडा तासाच्या पंपावर लावला तर औषध २४ पट वेगाने जाईल. अशा पंपांतून तीव्र वेदनाशामके देताना गंभीर अपघात झाले. त्यामुळे ब्रिटनच्या रुग्ण सुरक्षा यंत्रणेने २०१० मध्ये मिलिमीटरचे पंप बदलून मिलिलिटरचे घ्या, अशी सूचना दिली. तुमचा पंप जुना किंवा दुसऱ्याकडून आलेला असेल तर आधी रुग्णालयात दाखवून घ्या. सिरिंजची कंपनी आणि माप एकदा ठरले की तेच वापरा. चार सिरिंज घरात जास्तीच्या ठेवा.

औषध भरण्याच्या पायऱ्या

१. डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवा. उदाहरणार्थ, मूल २५ किलोचे आणि मात्रा किलोमागे ४० मिलिग्रॅम असेल तर १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन कुप्या. वजन बदलले की मात्रा बदलते, म्हणून दर वेळी वजन करून घ्या.

२. हात साबणाने धुवा, स्वच्छ कपड्याने पुसा. कुपीचे रबरी बूच स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि वाळू द्या.

३. प्रत्येक ५०० च्या कुपीत ५ मिलिलिटर इंजेक्शनचे निर्जंतुक पाणी सोडा. भुकटी विरघळवायला सलाईन वापरू नका, नळाचे किंवा उकळलेले पाणी तर मुळीच नको. पाणी कमी घालून औषध घट्ट करू नका, कातडी जळजळते आणि गाठी येतात.

४. कुपी तळहातांत फिरवा. औषध पूर्ण विरघळून स्वच्छ दिसले पाहिजे. गढूळ असेल तर टाकून द्या.

५. औषध सिरिंजमध्ये ओढा, टिचकी मारून हवेचे बुडबुडे वर आणा आणि बाहेर काढा.

६. बारीक बटरफ्लाय सुईची नळी जोडा. सुईच्या टोकाशी एक थेंब दिसेपर्यंत नळी औषधाने भरा. मिलिमीटरचा पंप असेल तर लांबी आता मोजा.

७. सिरिंज पंपात घट्ट बसवा. दांड्याचे टोक खाचेत नीट अडकले आहे ना, ते बोटाने तपासा.

औषध ज्या रात्री द्यायचे त्याच रात्री तयार करा आणि लगेच लावा. विरघळवलेले औषध फ्रीजमध्ये ठेवू नका. उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नका.

सुई लावणे

जागा तीन : पोट, मांडीची बाहेरची बाजू, दंडाची मागची बाजू. बेंबीपासून चार बोटे दूर राहा. रोज जागा बदला. आज डावे पोट तर उद्या उजवे, परवा मांडी. जिथे गाठ, लाली किंवा जखम आहे तिथे टोचू नका.

कातडी स्पिरिटने पुसा, वाळू द्या. चिमटीत धरा. साधी बटरफ्लाय सुई तिरपी, साधारण ४५ अंशात घाला. टाचणीसारखी उभी सुई दिली असेल तर ती सरळ आत जाते. नळीत रक्त दिसले तर सुई काढा आणि नवी सुई दुसऱ्या जागी लावा. मग चिकटपट्टी लावा आणि नळीचा एक छोटा वेढा करून तोही चिकटवा, म्हणजे झोपेत ओढ बसली तरी सुई निघणार नाही.

नळीचा क्लॅम्प उघडा. पंप सुरू करा. दिवा लुकलुकतो का बघा. पंधरा मिनिटांनी आणि झोपण्याआधी पुन्हा एकदा जागा बघा. पंप कमरेच्या पिशवीत किंवा उशीजवळ, अंगाच्या पातळीवर ठेवा. खिळ्याला उंच टांगू नका. सिरिंज सैल असेल तर औषध आपोआप खाली उतरते.

दोन गोष्टी कधीही करू नका. औषध उरले म्हणून दांडा हाताने दाबू नका. आणि सुई अंगात असताना, क्लॅम्प बंद केल्याशिवाय सिरिंज पंपातून काढू नका.

पंप वाजला तर घाबरू नका. आधी थांबवा. क्लॅम्प बंद राहिला का, नळी अंगाखाली मुडपली का, बॅटरी संपली का, एवढ्या तीन गोष्टी बघा. तरीही चालत नसेल तर सुई काढा आणि मुलाला झोपू द्या. एक रात्र चुकली तर अनर्थ होत नाही, पण दुसऱ्या रात्री दुप्पट औषध देऊ नका आणि सकाळी रुग्णालयात विचारा.

सकाळी

पंप बंद, क्लॅम्प बंद, मग सुई काढा, कापूस दाबून धरा. सिरिंज रिकामी झाली का ते बघा. वहीत लिहा : तारीख, जागा, मात्रा, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, किती उरले. डॉक्टरांना ही वही दाखवा.

सुईला टोपण परत लावू नका. जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका आणि डबा भरला की रुग्णालयात जमा करा. घंटागाडीत सुई जाता कामा नये. तो कचरा हाताने चाळणारी माणसे कोण आहेत, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्या लेकराची सुई आपल्याच भावाच्या हातात घुसेल.

काय चालते, कशाला धावायचे?

लघवी लालसर-केशरी झाली तर घाबरू नका, लोह बाहेर पडत असल्याची ती खूण आहे. सुईच्या जागी थोडी सूज, खाज येते आणि काही तासांत उतरते.

मात्र पुढील वेळी पंप बंद करून लगेच डॉक्टरांकडे जा :

• ताप, त्यासोबत पोटदुखी किंवा जुलाब. लोहावर पोसणारे काही जंतू या औषधाच्या काळात जोर धरतात. तापात पंप लावू नका, ताप आला त्याच दिवशी दाखवा.
• अंगभर पित्त, तोंड सुजणे, दम लागणे, चक्कर.
• कमी ऐकू येणे, कानात आवाज, धूसर दिसणे.
• सुईची जागा गरम, लाल, पू झालेली.

फेरिटिन दर तीन महिन्यांनी तपासावे. कान, डोळे आणि उंचीची तपासणी वर्षातून एकदा तरी हवीच. व्हिटॅमिन सी ची गोळी मनाने देऊ नका, जास्त झाली तर हृदयाला धोका होतो. आणि "रक्त कमी आहे" म्हणून कोणी लोहाची गोळी किंवा टॉनिक दिले तर मुलाचा आजार सांगा. डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय या मुलांना लोह द्यायचे नसते.

हक्काचे दोन शब्द

थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे दोन्ही आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. प्रमाणपत्र काढून घ्या. सरकारी रक्तपेढीत या मुलांना रक्त मोफत द्यायचे असते, बदली रक्तदाता मागायचा नसतो. औषध किंवा सुया संपल्या असे सांगितले तर तसे लेखी मागा.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची असते. लग्न ठरवताना पत्रिका बघत नाही ना आपण? मग रक्ताचा तपासणी अहवाल बघा.

त्या आईला मी दुसऱ्या रविवारी विहारात बोलावले. कातडीऐवजी संत्रे, औषधाऐवजी पाणी. मी एकदा करून दाखवले, मग हात मागे घेतले. तिने तीन वेळा स्वतः केले. पहिल्यांदा क्लॅम्प उघडायचा राहिला, दुसऱ्यांदा बुडबुडा राहिला, तिसऱ्यांदा काही राहिले नाही. पुढच्या आठवड्यात रुग्णालयातल्या सिस्टरसमोर तिने मुलीला पहिली सुई लावली. आता वहीत सतरा रात्री लिहिलेल्या आहेत.

तुमच्याही घरी असे खोके कपाटावर पडले असेल तर ते खाली काढा. सिस्टरला सांगा, "मला करून दाखवू द्या, मग घरी पाठवा." एवढे मागण्याचा हक्क प्रत्येक आईला, प्रत्येक बापाला आहे.

सप्रेम जय भीम.