यंत्रलिखित सल्ला व केळीवरील हरण्या रोग

हल्लीं मोबाइलवर येणारा कृषिविषयक सल्ला कोणाच्या अनुभवाचा आहे, हें ओळखणें कठीण झालें आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र कोणत्याहि प्रश्नाचें उत्तर शुद्ध मराठींत क्षणांत देतें. चित्रेंहि तयार करतें. त्यामुळें आमच्या खानदेशांतील कांहीं बागाईतदार आलेला सर्वच मजकूर एकजात खोटा मानूं लागले आहेत. हा संशय अकारण नाहीं. परंतु तो कोठवर चालवावा, हें केळीच्या एका रोगावरून पाहूं.

रावेर-यावल भागांत २०२० च्या पावसाळ्यांत केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणूचा मोठा उपद्रव झाला. आपल्याकडे त्यास हरण्या म्हणतात. कोंवळ्या पानांवर पिवळसर पट्टे उमटतात, पानें आंखुडतात, पुढें पोंगा सडूं लागतो. मावा हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची यांवरहि त्याचें वास्तव्य असतें. रोगट झाड बरें करील असें औषध नाहीं. झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करावें, मावा आवरावा, तण काढावें आणि भोंवतीं वेलभाज्या लावूं नयेत, एवढाच इलाज.

आतां पिवळ्या पट्ट्यांचें वर्णन करून यंत्रास विचारलें, तर तें करपा समजून बुरशीनाशकहि सुचवूं शकतें. यंत्रानें बाग कसलेली नसते. अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दापुढें कोणता शब्द यावा, याचा अंदाज बांधून तें वाक्य रचतें. त्या मजकुरांत इंग्रजीचा भरणा फार, मराठीचा अल्प, आणि तापीकांठच्या बोलीचा तर नांवापुरता. हरण्या म्हणतांच त्यास रानांतलें हरीण आठवलें तरी नवल नाहीं! उत्तर चुकलें तरी भाषा अडखळत नाहीं, हा खरा धोका. व्यर्थ फवारणींत आठ दिवस गेले, कीं मावा शेजारच्या ओळी गांठतो.

मात्र "झाडें उपटा" हा खरा सल्लाहि मोबाइलवरच येतो, आणि तो कडू लागतो. त्यास यंत्राचा बनाव म्हणून झिडकारणाराचें नुकसान भोळेपणानें फवारणाराइतकेंच होतें. राज्य शासनानेंहि २०२५ सालीं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलें आहे. तेव्हां यंत्र बांधाबाहेर राहील, ही आशा नको.

आमच्या मतें सल्ला कोणी लिहिला यापेक्षां त्याचा जबाबदार कोण, हें पाहावें. त्याखालीं संस्थेचें नांव व तारीख आहे काय? सुचविलेल्या औषधाच्या लेबलावर केळी हें पीक व तो रोग छापलेला आहे काय? तोच प्रश्न निराळ्या शब्दांत यंत्रास पुन्हां विचारावा. उत्तरांत मेळ नसेल तर दोन्हीं बाजूस ठेवावीं. (मेळ बसला म्हणजे तें खरेंच, असेंहि नव्हे.) नंतर रोगट पान पिशवींत बंद करून जळगांवच्या केळी संशोधन केंद्रांत, किंवा धुळ्याकडील मंडळींनीं तेथील कृषि महाविद्यालयांत दाखवावें. जाण्यापूर्वीं त्या झाडाशीं खुंटी ठोकून ठेवावी, म्हणजे परत आल्यावर शोधाशोध करावी लागत नाहीं.